एक बॉक्स अजून लावा!

गायकाला टाळ्या मिळतात, निवेदकाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, आणि पडद्यामागे केबली गुंडाळणाऱ्याच्या वाट्याला येतात ते किस्से. धार आणि देवास या दोन गावांतल्या मराठी कार्यक्रमांचा साऊंड सांभाळता सांभाळता माझ्याजवळ असे पुष्कळ किस्से जमले. त्यांतले एकाच विषयाचे आज सांगतो. विषय आहे गिटारवाल्याचा छोटा ॲम्प आणि त्याला जोडायचा जास्तीचा स्पीकर. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण या एका जोडणीपायी मी कार्यक्रम रंगताना पाहिलेत आणि ऐन रंगात आल्यावर कोसळतानाही पाहिलेत.

दोन्ही गावं पवारांची. अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजा माळव्यात आल्या, त्यांच्या मागोमाग कारकून, शास्त्री, वैद्य, कीर्तनकार यांची घरं आली आणि इथलीच होऊन गेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर माळवी-हिंदी, असा आमचा व्यवहार. गणपतीचे दहा दिवस, कोजागरी, दिवाळी पहाट, शिवजयंती, त्यात लग्नामुंजींची भर. कार्यक्रमांना तोटा नाही.

आणि इथले कान मोठे तिखट. उस्ताद रजब अली खाँ देवासचे. लता मंगेशकर ज्यांच्याकडे शिकल्या ते अमानत खाँ नावापुढे ‘देवासवाले’ लावत. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या दुखण्यात हवापालटासाठी देवासला आले आणि कायमचे इथले झाले. श्रोत्यांत त्यांच्या मैफली ऐकलेलं कुणी ना कुणी अजून बसलेलं असतं. तिथे बेसूर खपत नाही, आणि खरखरही खपत नाही.

दणक्याची हौसही जुनीच. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव म्हणून इथे राहिले होते. गोकुळाष्टमीच्या उत्सवातला भजनांचा, वाद्यांचा आणि बँडचा एकत्र कल्लोळ त्यांनी इथेच अनुभवला, आणि पुढे १९२४ साली आलेल्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीच्या शेवटच्या भागात तो उत्सव आणला. तिखट कान आणि दणक्याची हौस, या दोघांच्या मधोमध आम्हा साऊंडवाल्यांचं काम चालतं.

वॅट तेवढेच, आवाज दुसराच

आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला बहुधा कॉलेजातला मुलगा असतो, नाहीतर बँकेतला नोकरदार. त्याचा ॲम्प १० किंवा १५ वॅटचा, आत ६ किंवा ८ इंची स्पीकर. स्कूटरच्या पायाशी मावतो, घरी सरावाला उत्तम. पण मंचावर एका बाजूला ढोलकी, दुसऱ्या बाजूला ऑक्टोपॅड, मागे की-बोर्ड. १९७१ च्या ‘दम मारो दम’मध्ये भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली गिटार आजही प्रत्येक ऑर्केस्ट्राकडून मागितली जाते, आणि नेमक्या त्या सुरावटीला गिटार कुणाला ऐकूच येत नाही. मग मागून हाक येते, “भिया, एक बॉक्स और लगाओ!”

देवासला एका भावगीतांच्या कार्यक्रमाच्या तालमीत असाच एक मुलगा आला. ॲम्प १० वॅटचा. माझ्याजवळ प्लायवूडच्या खोक्यात बसवलेला १२ इंची गिटार-स्पीकर असतो, तो त्याने पाहिला. “दादा, हा लावला की वॅट वाढतील ना?”

“वॅट नाही वाढायचे. आवाज वाढेल.”

त्याचा विश्वास बसेना. मी आधी ॲम्प पालथा करून मागची पट्टी वाचली. ‘कमीत कमी ८ ओहम’ असं लिहिलेलं होतं. मग मीटर काढून १२ इंचीच्या दोन टोकांना लावला. आकडा आला ६.४. “हा तर सहाचाच निघाला,” मुलगा म्हणाला. मीटर तारेचा नुसता रोध मोजतो. स्पीकरवर लिहिलेले ओहम हे आवाज चालू असतानाचे, ते मीटरच्या आकड्यापेक्षा थोडे जास्त असतात. मीटरवर ६ ते ७ आलं की स्पीकर ८ ओहमचा समजायचा, ३ ते साडेतीन आलं की ४ चा.

आत ८ ओहमचा स्पीकर होताच. त्याच्याबरोबर बाहेरचा ८ ओहमचा समांतर जोडला असता तर दोन्ही मिळून ४ झाले असते, आणि पट्टीवर ८ पेक्षा कमी चालणार नाही असं स्वच्छ लिहिलेलं होतं. टाकीला दुसरा नळ बसवला की टाकी लवकर रिकामी होते, तसं इथे करंटचं होतं. ओहम निम्मे झाले की ॲम्पला दुप्पट करंट पुरवावा लागतो, आणि छोट्या ॲम्पमधली आयसी तेवढ्यासाठी बनवलेली नसते. तापते, चालू-बंद होते, कधी कायमची जाते. म्हणून मी आतल्या स्पीकरच्या दोन्ही क्लिपा हलकेच ओढून काढल्या, टोकांना टेप लावला आणि ॲम्प एकट्या १२ इंचीला जोडला. वायर कापायची नाही, हा माझा नियम. कार्यक्रम संपला की क्लिपा पुन्हा जागेवर बसल्या पाहिजेत.

मुलाने पहिली तार छेडली आणि तबलजी दचकून मागे वळला.

हे घडतं कसं? प्रत्येक स्पीकरला एक वॅट दिला आणि एक मीटरवरून मोजलं तर किती डेसिबल आवाज येतो, त्याला त्याची संवेदनशीलता म्हणतात. छोट्या ॲम्पमधला ६ इंची साधारण ८८-९० डेसिबल देतो. गिटारसाठी बनवलेला चांगला १२ इंची ९७ ते १०० देतो. दहा डेसिबलचा फरक भरून काढायचा तर दहापट वॅट लागतात. म्हणजे तोच १० वॅटचा ॲम्प चांगल्या १२ इंचीवर लावला की छोट्या स्पीकरवरच्या शंभर वॅटच्या तोडीने ऐकू येतो. नवा ॲम्प घेऊन ५ वॅटांचे १० केले तर मात्र मिळतात फक्त ३ डेसिबल. दुकानात वॅट विचारणारे रोज भेटतात, डेसिबल विचारणारा क्वचित.

सगळ्या जगाने हे असंच शिकून घेतलं आहे. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचं दुकान चालवणारे जिम मार्शल मूळचे ड्रमवाले. १९६० च्या दशकात त्यांनी एका खोक्यात चार १२ इंची स्पीकर बसवले, कारण त्या काळचे स्पीकर एकेकटे जेमतेम १५-२० वॅट सोसायचे. एकट्याला न पेलणारा भार चौघांत वाटून दिला. जोडणी अशी, की १६ ओहमचे दोन-दोन एकापुढे एक जोडून ३२ ओहमच्या दोन जोड्या करायच्या, आणि त्या जोड्या समांतर जोडायच्या, की पुन्हा १६. स्पीकर चार झाले तरी ॲम्पपुढचा आकडा बदलत नाही. मला या हिशेबाचं अजून कौतुक वाटतं.

“हा षड्ज कोण धरून बसलंय?”

त्याच मुलाचा पुढचा किस्सा. कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं, दिवे लागले, निवेदक बोलायला उभा राहिला. पहिल्या रांगेतले एक वयस्कर काका पुढे झुकले, इकडेतिकडे पाहिलं आणि बाजूने माझ्यापर्यंत आले.

“अहो, मागे हा षड्ज कोण धरून बसलंय? तानपुरा तर अजून जुळवलेला नाही.”

कान लावला तर खरंच एक बारीक घूंऽऽ चालू होतं. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे उपकरणांत ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण शिरायला टपलेलीच असते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर ८२ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे गुणगुण वाद्याच्या अगदी शेजारी नांदते. छोटा ६ इंची स्पीकर इतका खालचा आवाज काढूच शकत नाही, त्यामुळे घरच्या सरावात ती इतके दिवस लपून राहिली. मोठा स्पीकर लावला आणि ती सभागृहात येऊन बसली. बॉक्स वाढवला की चांगलं-वाईट दोन्ही वाढतं, हे कुठल्या पुस्तकात वाचण्यापेक्षा अशा काकांकडून कळतं.

आता ती आत कुठून शिरते ते शोधायचं. गिटारचा आवाज बंद केला की गुणगुण थांबत होती, म्हणजे ॲम्प निर्दोष. गिटारच्या तारांखाली जो पिकअप असतो, तारेचं वेटोळं घातलेलं चुंबक, तो आजूबाजूची विजेची स्पंदनंही पकडतो. मुलाची खुर्ची दिव्यांच्या डिमरला खेटून होती. मी त्याला म्हटलं, “गिटार धर आणि बसल्या जागी हळूहळू फिर.” तो फिरत गेला, घूं कमी होत गेलं, आणि एका कोनात नाहीसं झालं. खुर्ची तशीच ठेवली, डिमरपासून चार हात लांब सरकवली. श्रोत्यांना वाटलं, मुलगा गायिकेकडे पाहून वाजवायला तिरका बसलाय. काकांनी मान डोलावली तेव्हा मी निवेदकाला खूण केली.

भोंगा कुजबुजला

धारचा प्रसंग उघड्यावरचा. लाल दगडांच्या किल्ल्याचं गाव, दुसऱ्या बाजीरावांचा जन्म १७७५ साली याच किल्ल्यातला. तिथे शिवजयंतीला मैदानात मांडव पडला होता. गिटारवाला इंदूरहून आलेला, ॲम्प १० वॅटचा. टेंटवाला उत्साही गडी. मांडवाच्या कडेने भोंगे बांधलेले होते, त्यांची वायर खाली लोंबत होती. “साहेब, एवढे भोंगे असताना बॉक्स कशाला? यालाच जोडतो,” असं म्हणून त्याने भोंग्याची दोन टोकं गिटार-ॲम्पच्या स्पीकरच्या टोकांना पीळ मारून बसवली. गिटारवाल्याने आवाज पूर्ण उघडला. भोंगा कुजबुजला. अक्षरशः कुजबुजला, खाली उभं राहून कान वर केला तरच ऐकू येईल एवढा.

सगळे भोंग्याला दोष देऊ लागले. त्या भोंग्यात काही बिघाड नव्हता. मांडवाच्या कामात वायर शंभर-दोनशे मीटर जाते. इतक्या लांबवर ८ ओहमचा स्पीकर जोडला तर निम्मी शक्ती वायरच खाते. म्हणून सार्वजनिक कामाच्या ॲम्पला ४, ८ आणि १६ ओहमच्या जोडीने ७० आणि १०० व्होल्टची टोकंही दिलेली असतात. १०० व्होल्टवर पाठवायचं आणि भोंग्यापाशी छोट्या ट्रान्सफॉर्मरने उतरवायचं, ही त्याची पद्धत. २० वॅटच्या भोंग्याचा ट्रान्सफॉर्मर बाहेरून ५०० ओहमचा दिसतो. गिटारचा १० वॅटचा ॲम्प ८ ओहमवर जेमतेम ९ व्होल्ट देणारा. ९ व्होल्ट आणि ५०० ओहम, हिशेब केला तर वॅटचा सहावा भाग. भोंगा कुजबुजणारच.

धारचे माईकवाले काका तिथे विडी शिलगावत उभे होते. त्यांनी हे गणित न मांडता उत्तर दिलं. “भोंगा बोलायला आहे भाऊ, गिटारीला नाही. गिटारीचा खर्ज त्याच्या नळीतून निघतच नाही.” मग त्यांनी स्वतःचा एक माईक आणला, गिटारच्या ॲम्पसमोर स्टुलावर आडवा बांधला, जाळीपासून चार बोटं अंतर ठेवून. स्पीकरच्या मध्यावर रोखला तर आवाज कर्कश येतो, कडेला नेला तर गुळगुळीत होतो. काकांनी गिटारवाल्याला वाजवत ठेवलं आणि माईक मध्यापासून कडेकडे बोटाबोटाने सरकवला. एका जागी थांबले, दोरी आवळली. तिथून आवाज मोठ्या ॲम्पमध्ये आणि तिथून दोन मोठ्या बॉक्समध्ये.

एवढ्यावर टेंटवाल्याचं समाधान झालं नाही. त्याने एक बॉक्स उचलून मैदानाच्या पार टोकाला नेऊन ठेवला. आता मागच्या लोकांना प्रत्येक सूर दोनदा ऐकू यायला लागला. वायरीतून सूर क्षणात पोचतो, हवेतून चालत येतो, सेकंदाला साधारण ३४० मीटर. मंच ३४ मीटर दूर असला तर मागच्या बॉक्सशेजारी बसलेल्याला तोच सूर सेकंदाच्या दहाव्या भागाने पुन्हा ऐकू येतो. संथ गाण्यात हे कदाचित निभेल, पोवाड्यात शब्दांचा चिखल होतो. बॉक्स मंचाजवळ परत आणला आणि टेबलावर चढवला. जमिनीवरच्या बॉक्सचा आवाज पहिल्या दोन रांगांच्या अंगात मुरतो, उंचावरचा डोक्यांवरून पुढे जातो. मागची रांग दुसऱ्याच गाण्याला टाळ्या वाजवू लागली.

अमेरिकेहून आलेला व्हॉल्व्ह

देवासच्या एका मराठी घरात लग्न होतं. अमेरिकेत वाढलेला भाचा येताना छोटा व्हॉल्व्हचा ॲम्प घेऊन आला. १९४८ साली लिओ फेंडर यांच्या कंपनीने ‘चॅम्पियन ८००’ नावाचा छोटा ॲम्प काढला, पुढे त्याचाच ‘चॅम्प’ झाला, त्या घराण्यातला हा थोडा मोठा भाऊ, मागे स्पीकरचे दोन जॅक असलेला. तिकडची वीज १२० व्होल्ट, आपली २३०, त्यामुळे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आधी शोधावा लागला. संगीताच्या संध्याकाळी अंगण मोठं आणि ॲम्प लहान. भाच्याने माझा बॉक्स मागितला. मी तो आणायला गेलो तोवर त्याने आतल्या स्पीकरचा प्लग पहिल्या जॅकमधून काढून ठेवला होता. बॉक्स हातात येताच त्याने तो ‘एक्स्टर्नल’ लिहिलेल्या दुसऱ्या जॅकमध्ये लावला. आवाज शून्य. त्याचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला.

“हात काढ! आधी बंद कर!” नवरीचे आजोबा ओरडले. सगळं अंगण गप्प. आजोबांनी उमेदीच्या वयात रेडिओ दुरुस्त केले होते, मर्फीच्या जमान्यातले, व्हॉल्व्हचे. भाचा गोंधळून म्हणाला, “आजोबा, स्पीकर मेलेला दिसतोय.”

“स्पीकर ठीक आहे रे बाळा. तू त्याची वाट अडवलीस.”

अशा बऱ्याच ॲम्पमध्ये पहिला जॅक रिकामा राहिला की आतली पत्री दोन्ही टोकं आपोआप एकमेकांना टेकवते. हे मुद्दाम केलेलं असतं. व्हॉल्व्हच्या ॲम्पला स्पीकरशिवाय मोकळं चालवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये भलताच व्होल्टेज उसळतो, आतलं इन्सुलेशन फुटतं, व्हॉल्व्हच्या बुडाशी ठिणगी उडते. मोकळ्यापेक्षा शॉर्ट परवडला, एवढा विचार बनवणाऱ्याने करून ठेवलेला. पण पहिला जॅक शॉर्ट असताना दुसऱ्यात लावलेल्या बॉक्सला काहीच मिळत नाही, आणि तसाच आवाज वाढवत नेला तर व्हॉल्व्ह तापत जातो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पचं उलटं असतं. तो स्पीकरशिवाय गप्प बसून राहील, शॉर्टने मात्र मरेल. दोघांचे स्वभाव वेगळे, एकाचं औषध दुसऱ्याला द्यायचं नाही.

आजोबांनी आतला स्पीकर पहिल्या जॅकमध्ये परत लावायला सांगितला, बाहेरचा दुसऱ्यात. मागचा खटका त्या जोडीच्या ओहमवर आणला, मग म्हणाले, “आता लाव.” भाच्याने वाकून नमस्कार केला. त्या रात्री त्याने वाजवलेलं फार कमी जणांच्या लक्षात असेल. आजोबांच्या खुर्चीभोवती मुलं जमून व्हॉल्व्ह म्हणजे काय ते विचारत होती, ते माझ्या पक्कं लक्षात आहे.

पेन्सिल सेलची परीक्षा

दोन बॉक्स लावले आणि खर्ज गेला, अशी तक्रार मी धारला ऐकली, देवासलाही ऐकली. एकटा बॉक्स भरदार वाजतो, दुसरा जोडला की आवाज पातळ होतो. ॲम्प बदलतात, बॉक्स बदलतात, गिटारवाल्यालाही बदलायला निघतात. कारण बहुतेक वेळा एका वायरीची टोकं उलटी लागलेली असतात. एका स्पीकरचा कागद पुढे ढकलत असतो तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढत असतो. दोघं मिळून खालचे सूर एकमेकांत जिरवून टाकतात.

याला उपकरण लागत नाही. बॉक्स ॲम्पपासून सोडवायचा, त्याच्या वायरीची टोकं घड्याळातल्या पेन्सिल सेलला क्षणभर टेकवायची. टक् असा आवाज येतो आणि स्पीकरचा कागद हलतो. बोटाचं टोक कागदावर अलगद ठेवलं तर तो बाहेर आला की आत गेला हे चक्क जाणवतं. बाहेर आला तर सेलच्या टोपीला टेकलेलं टोक धन. त्यावर लाल टेप गुंडाळायचा. असं दोन्ही बॉक्सचं करून लालला लाल जोडलं की खर्ज परत येतो. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक पोराला मी सगळ्यात आधी हे शिकवतो. कागद बोटाखाली हलला की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यानंतर त्याला विजेची भीती वाटत नाही आणि विजेशी तो मस्तीही करत नाही.

त्यानंतरची दोन सांगणी. ॲम्पवर हेडफोनचं भोक असतं, ते स्पीकरसाठी नाही. आणि काही छोट्या ॲम्पची दोन्ही टोकं जिवंत असतात, त्यांतलं एकही पत्र्याला जोडलेलं नसतं. अशा ॲम्पला धातूच्या कॉलरचा जॅक थेट पत्र्यात बसवला तर चालू करताक्षणी शॉर्ट. म्हणून आधी मीटरने पाहायचं, की स्पीकरचं एखादं टोक पत्र्याशी जोडलेलं आहे का. नसेल तर प्लॅस्टिकचा, पत्र्यापासून अलग राहणारा जॅक बसवायचा. दोन मिनिटांचं काम.

भिंतीपलीकडची मंडळी

शेवटचा किस्सा देवास जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. माळव्यात कबीर गाणाऱ्या मंडळ्या गावोगाव आहेत. तंबुरा, मंजिरे, ढोलक, कुठे व्हायोलिन. प्रह्लाद सिंह टिपानिया यांना २०११ साली आणि आमच्याच जिल्ह्यातल्या टोंक खुर्द भागातले कालूराम बामनिया यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरांतही या गाण्याचं कौतुक झालं. गावात मात्र ते रात्ररात्र चालतच आलेलं आहे.

एका मंडळीने बॅटरीवर चालणारा छोटा गिटार-ॲम्प घेतला होता, तंबुऱ्याला आणि गळ्याला पुरेल असा. मी पाहुणा म्हणून गेलो होतो. ओटीवर पुरुष बसलेले, मधे भिंत, आणि आतल्या अंगणात बायका. पहिली दोन भजनं झाल्यावर आतून एका आजींनी निरोप पाठवला, “म्हाने तो ढोलक ज सुणाय, बोल नी सुणाय.” नुसता ढोलक ऐकू येतो, शब्द नाहीत.

कबीर आणि शब्द ऐकू येत नाहीत! मंडळीचे मुखिया अस्वस्थ झाले. घरात जुन्या रेडिओचा ८ ओहमचा स्पीकर होता. ॲम्पच्या पट्टीवर किमान ४ लिहिलेलं, आतला ८ चा, म्हणजे समांतर जोडायला हरकत नाही. प्रश्न आला वायरीचा. कुणीतरी दारावरच्या बेलची बारीक वायर काढून आणली. ती मी नको म्हटली. तसली वायर वीस मीटर नेली तर जाऊन-येऊन साडेतीनेक ओहम तिचेच होतात आणि स्पीकरला जेमतेम निम्मी शक्ती मिळते. पंख्याची जाड दुहेरी वायर मिळाली, तिचा एवढ्या अंतरात ओहमसुद्धा भरत नाही. वायर भिंतीवरून टाकली, स्पीकर पाण्याच्या माठाशेजारी कोनाड्यात ठेवला, म्हणजे कोनाड्याच्या भिंती आवाजाला पुढे ढकलतील. ढोलक आतपर्यंत पोचतच होता, त्याला स्पीकरची गरज नव्हती. म्हणून माईक ढोलकापासून दूर, गाणाऱ्याच्या तोंडाशी घेतला.

पुढच्या भजनाला अंगणातून टेक उचलली गेली. बायका आतून गाऊ लागल्या आणि ओटीवरचे पुरुष मागे वळून ऐकू लागले.

या सगळ्या किश्शांतून मला एक गोष्ट ठाम वाटते. दुसरा स्पीकर ताकद दाखवायला लावायचा नसतो, ज्याच्यापर्यंत गाणं पोचत नाही त्याच्यासाठी लावायचा असतो. आमच्याकडे हल्ली मिरवणुकीत बॉक्सांच्या भिंती उभ्या राहतात, छाती दडपते, म्हाताऱ्यांना दारं लावून बसावं लागतं. त्या भिंती रचणारी पोरं मेहनती आहेत, हाताची हुशार आहेत, त्यांच्याबद्दल मला माया आहे आणि म्हणूनच त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं. ज्या गावांनी रजब अली खाँ ऐकले, कुमारजी ऐकले, खेड्यांतून कबीर जपला, त्या गावांत साऊंडवाला हा गाणाऱ्यांपैकीच एक असतो. बॉक्स जोडण्याआधी ॲम्पची पट्टी वाचा, स्पीकर मीटरवर धरा, वायर जाड घ्या. आणि आवाजाच्या बटणाला हात लावण्याआधी उठून शेवटच्या रांगेपर्यंत चालत जा, आतल्या खोलीत डोकावा, भिंतीपलीकडे कोण बसलंय ते विचारा. एवढं केलंत की बॉक्स किती लावायचे ते आपोआप ठरतं. बहुतेक वेळा एकच पुरतो.